गोदाचा वाफा

चतुराबाईला सगळं येत होतं. भाकरी पातळ, शिवण बारीक, आणि तोंड सासूपुढं मिटलेलं. फक्त बियाणं तिच्या हातात कुणी देत नसे. आठ वर्षांची असताना माहेरी तिनं गवारीचा एक वाफा लावला होता, तो काही उगवला नाही. चुलती भागूबाईनं तिथल्या तिथं निकाल लावला, "या पोरीच्या हाताला यश नाय." झालं! लोकांना एका वाफ्यावरून माणसाचा जन्म ठरवायला काय जातं? ते बोलणं लग्नानंतर फुलंब्रीला सासरीही पोहोचलं. दर पेरणीला बांधावर भाकरी न्यायची चतुराबाईनं आणि बियाण्याची मूठ धरायची दुसऱ्या कुणी. ती कधी कुणाला काही म्हणाली नाही. पेरणीच्या दिवशी हात तेवढे पदराखाली धरून बसायची.

पुढं नवरा बद्रीनाथ वाळूजच्या एका कारखान्यात लागला आणि बिऱ्हाड बजाजनगरात आलं. घरामागं कपडे वाळत घालण्यापुरती मोकळी जागा होती. सासू द्वारकाबाईला विकतचं माळवं घशाखाली उतरेना. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी बद्रीनाथनं दोन्ही पोरांना समोर बसवलं. एकनाथ नऊ वर्षांचा, गोदा साडेपाचची.

"मागं भाजी लावायचीय. काय लावायचं, कुठं लावायचं, ते तुम्ही ठरवायचं."

"माकडाच्या हाती कोलीत दे आता," द्वारकाबाई म्हणाली.

पण माकडांनी काम मनावर घेतलं. एकनाथनं पावलांनी जागा मोजली आणि भिंतीवर कोळशानं आखणी केली. पहिल्यांदा त्यानं ऊस लिहिला. "ऊस लावून साखर कारखाना काढतो का रं?" असं आजीनं विचारल्यावर पुसला. गोदाला पुरणपोळी लावायची होती. तिची समजूत घालता घालता बापाला घाम फुटला, तेव्हा कुठं ती भेंडीवर आली. मग ऊन कुठं येतं ते बघायला दोघं दिवसभर अंगणात येरझारा घालत होती. नळ दिवसाआड यायचा, म्हणून धुण्याचं शेवटचं, बिनसाबणाचं पाणी झाडांना द्यायचं असं एकनाथनंच ठरवलं. हे काही कुणी शिकवलं नव्हतं त्याला. बद्रीनाथ गालातल्या गालात हसत नुसता बघत राहिला.

गोदानं वाटण्या केल्या. आजीची मेथी, बाबांची वांगी, दादाची कोथिंबीर, स्वतःची भेंडी. "आन् आई, तू काय लावती?"

"मला नगं माय. मला सैपाक असतो," चतुराबाई म्हणाली आणि आत गेली. द्वारकाबाईनं तांदूळ निवडता निवडता मान वर केली नाही.

पाचव्या दिवशी मेथी वर आली. वांग्याची रोपं तरारली. नवव्या दिवशी कोथिंबीरही दिसू लागली. गोदाचा वाफा मात्र जसाच्या तसा, कोरडा ठणठणीत म्हणावा तर तसाही नाही. पाणी वेळेवर, ऊन भरपूर, बियाणं दुकानातलं चांगलं. बारा दिवस झाले. द्वारकाबाई वाईट बाई नव्हती, पण तोंडाला आलेलं गिळायची तिला सवय नव्हती.

"खाण तशी माती," ती म्हणाली. "पोरगी आईच्या हातावर गेली."

गोदानं आपले दोन्ही तळवे उलटेपालटे करून पाहिले. "आई, माझ्या हाताला काय झालंय?"

चतुराबाईनं ते तळवे आपल्या हातात घेतले. स्वतःला म्हटलेलं तिनं पंचवीस वर्षं मुकाट्यानं सोसलं होतं. पण ही पोर? हिनंही जन्मभर हात लपवायचे?

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं म्हणून ती सकाळी लवकर उठली. घागर घेऊन मागं गेली, तर गोदा वाफ्याशी उकिडवी बसलेली. बोटानं माती उकरून पोरीनं एक बी काढलं, फ्रॉकला पुसलं, निरखून पाहिलं. "अजून न्हाई उठलं," असं पुटपुटत परत पुरलं. मग दुसरं काढलं. मग तिसरं.

"गोदे! रोज असंच करती का?"

"व्हय. बघाया नगं का, आलं का न्हाई ते?"

चतुराबाईनं घागर खाली ठेवली. गोदाच्या हातातलं बी घेतलं. फुगलेल्या त्या बियाला पांढरा मोड आला होता आणि तो मधोमध तुटला होता. बी उगवत होतं! रोज उगवत होतं आणि रोज उपटलं जात होतं. आणि एकदम तिला माहेरची ती गवार आठवली. आपली नखं आठवली, मातीनं भरलेली. चुलती रागावेल म्हणून लपवलेली. तीही रोज सकाळी हेच करत होती. एवढंच तर होतं सगळं! ती तिथंच ओल्या मातीत बसली आणि हसू लागली. हसता हसता डोळे कधी भरून आले, तिचं तिलाच कळलं नाही. पंचवीस वर्षांत इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं.

आवाज ऐकून द्वारकाबाई आली. चतुराबाईनं बी तिच्यापुढं धरलं. "आत्याबाई, हे बघा. पोरगी रोज उकरून बघायची. मी बी लहानपणी असंच केलं व्हतं."

द्वारकाबाईनं बी उन्हाकडं धरून पाहिलं. जन्म शेतात गेलेली बाई. मोडाला खोटं कसं म्हणणार? ती आत गेली आणि उरलेल्या बियांची पुडी घेऊन आली. ती तिनं गोदाला दिली नाही, सुनेच्या तळहातावर ठेवली.

"लाव. आन् या उकरणाऱ्या उंदराला आवर."

एकेक बी टोचायला चतुराबाईनं अर्धा तास लावला. गोदानं आठ दिवस न उकरण्याची शपथ घेतली आणि दोन वेळा मोडता मोडता पाळली.

सातव्या दिवशी चतुराबाई कणीक मळत होती. मागून सासूचा खणखणीत आवाज आला. भिंतीपलीकडच्या आशाबाईला ती हाका मारत होती.

"अगं आशाबाई, ये की बघायला! भेंडी एक बी वाया गेली न्हाई. माझ्या सुनंनं लावली!"