कॅसेटमधला खराब भाग

पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा माझा आतेभाऊ, आमचा दादा, एका दिवाळीत एक कॅसेट घेऊन आला. तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. लावली तर आधी पत्रा घासल्यासारखा आवाज आला, मग लांबून एक भोंगा, मग नुसती खरखर. माझे बाबा पूर्णेला रेल्वेच्या माल कचेरीत होते आणि घरातली यंत्रं स्वतःच दुरुस्त करायचे. ते उठले, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून टेपरेकॉर्डरचं हेड पुसलं आणि कॅसेट पुन्हा लावली. खरखर होती तशीच.

"मामा, हे संगीतच आहे," दादा म्हणाला. "परदेशातल्या एका माणसानं मुद्दाम असं केलंय."

"मुद्दाम?" बाबा म्हणाले. "मग तू भाडं खर्चून पुण्याला कशाला गेलास? आपल्या यार्डात हे रात्रंदिवस फुकट चालू असतं."

सगळे हसले. मीही हसले, पण दुपारी सगळे झोपल्यावर आवाज बारीक करून ती कॅसेट पुन्हा ऐकली. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. शाळा इंग्रजी माध्यमाची झालेली, त्यामुळे कॉलनीतल्या मुली मला मॅडम म्हणायच्या आणि मी त्यांच्यात फारशी बोलत नसे. तिसऱ्यांदा ऐकताना एक गोष्ट लक्षात आली. पत्र्याचा आवाज पुनःपुन्हा येत होता आणि दर वेळी थोडा आखूड होत होता. भोंग्याच्या आधी प्रत्येक वेळी एक रिकामी जागा होती. म्हणजे कुणीतरी बसून हे ठरवलं होतं. खरखर कुठं थांबवायची हे माणूस कसं ठरवतो, ते मला कळेना, आणि त्याचा विचार डोक्यातून जाईना.

पुढच्या वर्षी दादानं सांगितलं की त्याचे मित्र असल्या आवाजांची एक कॅसेट काढणार आहेत, चार जणांनी मिळून. एक बाजू अजून रिकामी आहे. "तू करतेस? दिवाळीला आलो की घेऊन जाईन." त्यानं हे मला का विचारलं ते मी विचारलं नाही. हो म्हणाले.

पावसाळाभर मी आवाज जमवत होते. यार्डात डबे एकमेकांवर आदळतात तो, हापशाचा, दोन स्टेशनांच्या मधल्या रेडिओचा, आई स्टोव्हला हवा भरते तो, तिच्या बांगड्यांसकट. पेडगावला मामाच्या शेतात विहिरीवरच्या इंजनासमोर टेप धरून उभी राहिले, तर मामा म्हणाला, "काय करायलीस गं?"

"इंजनाचा आवाज घेतेय."

"इंजन गाणं म्हणत न्हाई, बाई. गळ्यात दम हाय, पण सूर न्हाई त्याला." मग बराच वेळ वाट बघून, इंजन बंद करून त्यानं विचारलं, "झालं का?" तेही टेपमध्ये आलं. मी ते ठेवलं.

विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता त्या दिवशी खिडकीत टेप ठेवला. एरवी आमच्या रस्त्यावर टांगे, सायकली, शेंगावाला. त्या दिवशी काहीच नाही. बाबा खिडकी लावून घे म्हणाले, पण ओरडून नाही, हळू. एकच सायकल गेली, घाईनं.

रचना करायला माझ्याकडे दोन टेपरेकॉर्डर होते, एक बाबांचा आणि एक शेजारच्या काकूंकडून मागून आणलेला. एकावर वाजवायचं, दुसऱ्यावर भरून घ्यायचं. कोरी कॅसेट महाग, म्हणून भरून घेतलेला आवाज पुसून त्यावरच पुढचा घ्यायचा. क्रम लावण्यासाठी पाटावर काडेपेटीतल्या काड्या आणि तुरीचे दाणे मांडायची. काडी म्हणजे लांब आवाज, दाणा म्हणजे तुटक, आणि मधली मोकळी जागा म्हणजे बंदच्या दिवसाची शांतता. आई स्वयंपाकाला बसली की पाट उचलायची आणि मला पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागायचं. त्यात एकदा दोन काड्या चुकून शेजारी पडल्या आणि इंजनाला लागून स्टोव्ह आला. तो इतका चांगला लागला की मी तसाच राहू दिला.

दिवाळी झाली. दादा शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं जाणार होता आणि शुक्रवारी सकाळी टेपरेकॉर्डरनं कॅसेट खाल्ली. ओढून काढली तर पट्टी चुरगळून दोन ठिकाणी तुटलेली. मूळ आवाज सगळे पुसलेले होते. जे होतं ते एवढंच. स्टेशन रोडवर रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांच्या हातात मी ती दिली आणि म्हणाले, "तुटलीय. जोडून द्या." आत काय आहे ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले तेव्हा काका खुशीत होते. "लय खराब झालती, माय. जिथं जिथं खरखर, तिथला भाग काढून टाकला. ऐक आता."

त्यांनी कॅसेट लावली. शांतता. एक सायकल. माझ्या आईच्या बांगड्या. मामाचं "झालं का?" पुन्हा शांतता. आणि संपली.

बाकावर एक गडी मांडीवर रेडिओ घेऊन बसला होता, देवगाव फाट्याहून आलेला. तो म्हणाला, "बरी झाली की. पण पैसे देऊन रिकामी कॅसेट ऐकायची म्हणजे शहराचीच मजा."

निघून जावं, दादाला टेपनं खाल्ली म्हणून सांगावं, असं मनात आलं. पण दादा नेणार होता ती माझी बाजू होती आणि ती अजून या दुकानातच कुठंतरी होती.

"काका, तो भाग खराब नव्हता," मी म्हणाले. "मी तो तसाच भरला होता."

"तसाच म्हणजे?"

"मुद्दाम."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या खिळ्याकडे. पट्टीचे कापलेले तुकडे तिथं टांगलेले होते. "बरं झालं फेकले न्हाईत. पण कोणता कुठला, ते कसं कळावं?"

उघड्या मशीनच्या हेडवरून ते एकेक तुकडा बोटांनी ओढू लागले. हाताच्या वेगानं आवाज जाड व्हायचा, बारीक व्हायचा, आणि मी ओळखून सांगायची: हा हापसा. हे डबे. हे मामाचं इंजन. एवढं मी बाहेरच्या माणसांसमोर कधी बोलले नव्हते. गडीही पुढं सरकला. "हा स्टोव्ह हाय," तो एकदा माझ्या आधी म्हणाला, आणि बरोबर होता. काका नेलपॉलिशचा ठिपका देऊन पट्टी जोडत होते, फुंकर घालत होते.

"मधली ही चुप्पी कशाची?" त्यांनी विचारलं.

"बंदच्या दिवसाची."

"राहू दे तिला," ते म्हणाले, आणि पुढचा तुकडा घेतला.

"शेवटी एक भजन टाकू का? पाहुणे लोक ऐकतील, नावं ठेवतील."

"नको, काका."

"थोडंसंच."

"नको. शेवटी डबे आदळतात आणि मग काही नाही."

"जशी तुझी मर्जी."

एक बोटभर तुकडा उरला. ओढला तर आतून एक घुमणारा, ओला आवाज आला, एकदाच. काकांनी उलटा करून ओढला, तरी तसाच. मला तो आठवेना. मी जमवलेला, मीच निवडून पाटावर कुठंतरी मांडलेला आवाज, आणि तो कशाचा आहे, कुठं होता, मला सांगता येईना. गडी म्हणाला विहिरीत बादली, काका म्हणाले मशीनचाच दोष.

"हा पहिला लावा," मी म्हणाले.

"ओळख न्हाई, पाळख न्हाई, त्याला दारात उभा करतीस?"

"हो."

त्यांनी लावला. मी कॅसेट ओढणीत गुंडाळली आणि स्टेशनाकडे निघाले. दादा फलाटावर सामान मोजत होता. कॅसेट घेऊन त्यानं विचारलं, "सुरुवात कशानं होते?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "ऐकून तूच कळव."