तीन टाक्यांचा नियम

स्वेटरच्या कारखान्यात तीस वर्षं घालवलेल्या ताईला कुणी हौस म्हणून विणायला सांगितलं असतं, तर तिनं सुयाच फेकून मारल्या असत्या. पण सांगणारा तिचा धाकटा भाऊ होता, मास्तर. गणित शिकवण्यात हयात गेली, डोळे पार गेले, आणि डोक्यात खूळ एकच: कॉम्प्युटरला जमतं ते प्रत्येक गणित सोडवू शकेल असा सगळ्यात साधा नियम कुठला?

एक नियम त्यानं मनाशी हेरून ठेवला होता, फक्त पडताळायचा बाकी होता. खालच्या ओळीतले शेजारशेजारचे तीन टाके पाहायचे. तिन्ही सुलट, तिन्ही उलट किंवा फक्त डावा उलट असला, तर मधल्याच्या वर सुलट घालायचा, नाहीतर उलट. बस्स! अशा विणीत नक्षीचे तुकडे तिरके सरकत जातात. दोन तुकडे आदळूनही शाबूत बाहेर पडले, तर निरोप इकडून तिकडे जाणार, आणि मग गणिताला वाट मिळणार. मरायच्या आत एवढं कळायला हवं, असं मास्तरचं म्हणणं.

“कॉम्प्युटरवर चुटकीसरशी होईल की,” भावजय म्हणाली.

“होईल. पण मला दिसणार कुठे?” मास्तरनं बोटं पुढे केली.

झालं! ताईनं चार महिने मान मोडून विणलं. अडीचशेव्या ओळीला दोन्ही तुकडे एकमेकांतून आरपार गेले. मास्तर पट्टा कुरवाळत बसला, हसला काय, रडला काय!

दुसऱ्या दिवशी ओळी पुन्हा न्याहाळताना ताईला चूक सापडली. सम ओळी मागच्या बाजूनं विणायच्या, तिथे डावं ते उजवं होतं. शिकाऊ पोरीलाही कळतं हे! आणि हिनं दोनशे बाराव्या ओळीत डावा म्हणून उजवा धरला होता. तुकडे आरपार गेले होते ते तिच्या चुकीमुळे.

कुणाला कळणार होतं? दोन दिवस तिनं सुयांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मास्तरला एका दमात सांगून टाकलं.

“माहीत आहे,” मास्तर म्हणाला. “पट्टा पुरा झाला त्याच रात्री बोटाला लागलं. तू इतकी खूश होतीस, जीभच रेटेना.”

“मेल्या, डोळ्यांबरोबर अक्कलही गेली का तुझी?” ताई रडत ओरडली. मग तिनं सुई काढली आणि लोकरीचं टोक त्याच्या हातात कोंबलं. सरसर एकोणचाळीस ओळी उसवल्या. तो गुंडाळत गेला.

“या वेळी प्रत्येक ओळ तपासायची. चूक लागली तर तोंड उघडायचं.”

“आणि आरपार नाही गेले तर?”

“तर दुसरे तुकडे धरू. बोट ठेव, दोनशे बारावी चाललीय.”