दाजींची साखरेची डोकी

दाजींचा धंदा डोक्यांचा. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं दोन खुर्च्यांचं सलून होतं आणि अर्ध्या गावाची डोकी त्यांच्या हाताखालून गेलेली होती. माणूस समोरून आला तर दाजी त्याला ओळखतीलच असं नाही, पण पाठमोरा दिसला की लगेच नावानिशी हाक मारत. कुणाचा भोवरा डावीकडे, कुणाच्या मानेवर केसांची वाट वाकडी, कुणाच्या कानामागे लहानपणीची खोक, सगळं त्यांना पाठ.

अशा माणसाला केकचा नाद कसा लागला, हा प्रश्न नातेवाइकांनी एकमेकांना पुष्कळदा विचारला होता. झालं होतं असं, की एका लग्नात त्यांनी फॉन्डंटचा केक पाहिला. फॉन्डंट म्हणजे साखरेची मऊ कणीक. ती लाटून केकवर पांघरुणासारखी घालायची आणि उरली की तिची फुलं, माणसं, हवं ते करायचं. मंडळी नवरानवरीकडे बघत होती, दाजी केकवरच्या साखरेच्या नवरदेवाकडे. शेवटी न राहवून म्हणाले, "माणूस बरा केलाय, पण केस कुणी बसवलेत? टोपी घातल्यासारखे दिसतात."

तिथून जे लागलं ते लागलंच. केक दाजींची बायको भाजायची. घरातली लहानथोर सगळी तिला आत्या म्हणत. सजावट मात्र दाजींची. ओट्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरवून ते फॉन्डंट लाटत, लाटण्यावर गुंडाळून अलगद केकवर सोडत आणि सुरकुत्या तळहाताने खाली खाली उतरवत नेत. गालावरचा साबण पसरावा तसा हात फिरे. खालचं जास्तीचं कापायला नवा कोरा वस्तरा, आणि माणसांचे केस काढायला बारीक दातांचा कंगवा. हा कंगवा केकसाठी वेगळा घेतलेला आहे, हे ते न विचारता सांगत. तरी प्रत्येक वाढदिवसाला कुणीतरी आत्याला बाजूला घेऊन हळूच विचारायचंच.

दाजींची साखरेची माणसं तोंडावरून ओळखू येत नसत. डोळे म्हणजे दोन ठिपके, नाक म्हणजे वाटाणा. पण डोकं! डोकं पाहिलं की माणूस ओळखलाच पाहिजे. आणि नेमकं इथेच घोड्यानं पेंड खाल्ली.

आत्याचे थोरले भाऊ, दादा, बसडेपोत मोठे साहेब होते. माणूस ताडमाड, कुठल्याही दारातून वाकूनच आत यायचा. दादांच्या माथ्यावर टक्कल होतं. डाव्या कानावरचे केस लांब वाढवून, ओले करून, माथ्यावरून आडवे उजव्या कानापर्यंत नेऊन निजवायचे, ही सगळी व्यवस्था दाजींची. गेली कित्येक वर्षं ती बिनबोभाट चालू होती. दादांची उंचीच अशी, की त्यांचा माथा बघायला शिडी लागली असती. तो बघणारा जगात एकच माणूस होता, आणि तोही दादा खुर्चीत बसले म्हणजे.

दादा आणि वहिनींच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दाजींनी केक केला. बाकावर शेजारी शेजारी बसलेले दादा-वहिनी. आडवे केस एकेक करून बसवलेले, आणि केसांच्या फटींतून दिसणारी गुलाबी चकाकी अशी हुबेहूब, की दाजी स्वतःवरच खूश झाले. एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नाही. माणसाला आपण समोरून बघतो. केकला बघतो वरून.

केक बुटक्या टेबलावर ठेवलेला. सगळं गणगोत भोवती जमलं आणि सगळ्यांनी एकदम खाली वाकून बघितलं. वरच्या मजल्यावरची एक चिमुरडी बोट दाखवून म्हणाली, "इथे केस लावायचे राहिले!"

आता दाजींनी गप्प बसावं की नाही? पण कारागिराचा अभिमान वाईट. ते ठसक्यात म्हणाले, "राहिले नाहीत बाळा. तसेच आहेत."

दादांनी केक कापला, सगळ्यांना वाटला आणि दुसऱ्या महिन्यापासून केस कापायला समोरच्या सलूनमध्ये जाऊ लागले. समोरचं सलून म्हणजे काचेचं दार, आत गारवा आणि न्हाव्याच्या दंडावर गोंदलेला वाघ. दादांनी आत्याच्या घरी येणंही बंद केलं. फोन केला तर "कामात आहे".

आत्या म्हणाली, "तुम्ही कात्रीनं माझं माहेर कापलंत."

"मी खोटं काय केलं?"

"खरं करायला सांगितलं होतं कुणी? केक होता तो, एक्स-रे नव्हता!"

दाजींना बोलणं लागलं. पण त्याहून लागायचं ते समोरच्या काचेतून दिसायचं. त्या वाघवाल्याला दादांच्या डोक्याची रचनाच कळलेली नव्हती. डावीकडचे केस त्याने वीतभर ठेवायचे ते चार बोटं केले. ते धड पलीकडे पोचेनात, धड अलीकडे राहीनात. दादा रस्ता ओलांडू लागले की वाऱ्यावर झेंड्यासारखे उभे राहत. दाजी गिऱ्हाइकाच्या गालाला वस्तरा लावून तसेच बघत राहायचे. गिऱ्हाईक श्वास रोखून म्हणायचं, "दाजी, इकडे बघा. गाल माझा आहे."

दादा परत आपल्या खुर्चीत बसावेत, एवढीच दाजींची इच्छा होती. पण माफी मागायची तर टकलाचं नाव काढावं लागणार, आणि टकलाचं नाव काढलं की परत तेच. तशात वहिनींचा फोन आला. दादा निवृत्त होत होते, घरी छोटासा समारंभ होता.

"केक तुम्हीच करा दाजी. ह्यांना मी सांगितलेलं नाही. फक्त डोकं तेवढं सांभाळून करा."

"कुणाचं?"

"ह्यांचं. आणि जमलं तर तुमचंही."

दाजींनी साखरेच्या दादांना आधी भरगच्च केस लावून पाहिले. आत्याने पाहिलं आणि विचारलं, "हा कोण पाहुणा?" ते रद्द. मग टोपी घातली. दादांनी जन्मात टोपी घातली नव्हती, त्यामुळे बघणारा पहिल्यांदा हेच विचारणार की टोपीखाली काय आहे. तेही रद्द. दादांना झोपवून पाहिलं, ते बरं दिसेना. निवृत्तीच्या दिवशी माणूस आडवा!

शेवटी सुचलं. दादा सलूनच्या खुर्चीत बसलेत, गळ्याभोवती पांढरा कपडा, आणि मागून दाजी स्वतः त्यांच्यावर ओणवे झालेत, हातात कात्री. वरून बघणाऱ्याला दाजींचं डोकं दिसेल, दादांचं झाकलं जाईल. खोटंही नाही आणि उघडंही नाही. शिवाय न बोलता मागितलेली माफी, ती वेगळीच.

स्वतःचं डोकं करताना दाजींनी जीव ओतला. फॉन्डंटमध्ये काळा रंग मळला, कंगव्याने एकेक केस ओढला, भोवरा जिथल्या तिथे. मग स्टुलावर चढून दादांच्या उंचीवरून पाहिलं. दादांचा माथा दिसत नव्हता. दिसत होतं ते फक्त दाजींचं काळंभोर, दाट डोकं.

"कसं झालंय?"

आत्याने वाकून पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं, आणि "दूध उतू जातंय" म्हणत गॅसकडे गेली.

समारंभाला पूर्वीचंच गणगोत आणि डेपोतली चार माणसं होती. दादा वाकून दारातून आत आले, केक पाहिला आणि थबकले. दाजी भिंतीला चिकटून उभे. दादांनी केकभोवती एक फेरी मारली. साखरेच्या खुर्चीतल्या स्वतःकडे पाहिलं, कात्रीकडे पाहिलं. मग बराच वेळ वरून पाहत राहिले.

"दाजी, हा मागे उभा आहे तो कोण?"

"मीच की."

"डोकं चुकलंय."

दाजी म्हणाले, "दादा, बाकी काही म्हणा. डोक्यात मी चुकत नाही."

"मी आजवर तुम्हाला वरून बघत आलोय," दादा म्हणाले. "तुमच्या माथ्यावर बशीएवढं मैदान आहे. हा जो इथे उभा केलाय, त्याला मी ओळखत नाही."

दाजी हसले. मग कुणीच हसत नाही असं पाहून थांबले. त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या पंख्याकडे बघत होती. दाजींचे केस घरी तीच कापायची, कारण दुसऱ्या न्हाव्याच्या हाताखाली बसणं दाजींना कमीपणाचं वाटे.

"अगं, तू तर म्हणायचीस मागून दाट आहेत!"

"मागून दाटच आहेत. वरून कसे आहेत, कधी विचारलंत?"

आता मात्र खोलीत हसू फुटलं. डेपोतला एक जण तर हसता हसता खुर्चीवरून घसरला. वहिनींनी दाजींना खाली वाकायला लावलं, मोबाइलवर माथ्याचा फोटो काढला आणि समोर धरला. दाजींनी फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला, फोन उलटा धरून पाहिला. गावभरची डोकी पाठ असलेला माणूस पहिल्यांदाच स्वतःच्या डोक्याला भेटत होता.

मग म्हणाले, "पण लपवलंय बेमालूम हं. हात चांगला आहे हिचा."

"शिकवलं कुणी?" आत्या म्हणाली.

दाजींनी सुरी उचलली. साखरेच्या दाजींच्या माथ्यावरचे केस हलकेच खरवडले आणि तिथे अंगठा फिरवून गुळगुळीत केलं. "आता ओळखता का?"

दादांनी वाकून पाहिलं. "आता आमचे दाजी दिसले," असं म्हणता म्हणता त्यांना असं हसू लोटलं, की डावीकडचे आखूड केस उसळून उभे राहिले. दाजींचा हात आपोआप वर गेला आणि अर्ध्यावर थांबला. दादांनी डोकं खाली केलं. भर मंडळींत दाजींनी ते केस हाताने निजवले. मग सगळे एकदम केकवर तुटून पडले. साखरेची खुर्ची तेवढी सोडून.

रविवारी सकाळी दादा रस्त्याच्या पलीकडे उभे होते. वाघवाल्याने काचेचं दार उघडून धरलं. दादांनी त्याला हात केला आणि रस्ता ओलांडून दाजींच्या खुर्चीत येऊन बसले.

"त्या पोरानं पार वाट लावलीय. सावरा."

"वेळ लागेल. आधी वाढू द्यावे लागतील."

"मग तोवर दर रविवारी येतो."

दाजींनी पांढरा कपडा झटकला, गळ्याभोवती बांधला आणि डावीकडची बट पाण्याने भिजवली. दादांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "हिनं आपल्या दोघांना खुर्चीसकट फ्रीजमध्ये ठेवलंय. दोघांनाही घाम सुटलाय. तुम्ही तर मऊ होऊन माझ्या डोक्यावर रेलत चाललाय."

"फॉन्डंट फ्रीजमध्ये ठेवायचं नसतं, दादा! त्याला पाणी सुटतं."

"ते मला काय सांगता? घरी येऊन तुमच्या वहिनीला सांगा. आजच या. आत्यालाही घेऊन या, नाहीतर म्हणेल दादानं एकट्या नवऱ्यालाच बोलावलं."

दाजींनी तोंडात धरलेला कंगवा काढून ठेवला. त्यांनी आरशातूनच मान हलवली आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवरचा फोन उचलला. आत्याला कळवायचं होतं. फोनवर केसांचं पाणी लागलं, तरी त्यांनी लावलाच.