जावयाचे संडास

धुकं उतरलं की नळाचं पाणी बोटांना चावतं. त्या आठवड्यात रोजच तसं होत होतं. शिवणकारखान्याच्या फाटकावरचा दिवासुद्धा नुसता पिवळा डाग दिसायचा. पहिल्या भोंग्याच्या तासभर आधी मावशी बादली, खराटा आणि फिनेल घेऊन मागच्या बोळात शिरलेली असायची. साडी वर खोचलेली, पायात मुलाच्या जुन्या रबरी चपला. पंचावन्नी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते, पण फरशीत तोंड दिसलं पाहिजे हा हट्ट काही सुटला नव्हता.

बोळात सहा संडास. नियम पंचवीस बायांमागे एक, आणि कारखान्यात बाया दीडशे. म्हणजे कागदावर सगळं चोख. फक्त सहांतल्या चारांना कुलपं होती आणि किल्ल्यांचा जुडगा मावशीच्या कमरेला. सगळे उघडले तर पाणी वाया जातं आणि बाया आत गप्पा ठोकत बसतात, असं मॅनेजरचं म्हणणं. इथले कपडे परदेशातल्या मोठ्या दुकानांत जात. त्या दुकानवाल्यांची तपासणी आली, की तेवढ्या दिवसापुरते चारही उघडायचे. बायांनी त्यांना नाव पाडलं होतं, जावयाचे संडास. एरवी घरच्यांनी तिकडे फिरकायचं नाही.

मावशी मात्र तेही रोज पुसायची. उलट तिथेच तिचा हात रेंगाळायचा.

तिची सून तीन वर्षांपासून याच कारखान्यात, कापडाच्या कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनवर होती. दोन संडासांपुढे ही रांग, आणि मशीन सोडून पाच मिनिटं झाली की सुपरवायझर गळ्यातली शिट्टी फुंकणार. त्याचं नावच शिट्टी पडलं होतं. त्यापेक्षा नकोच, म्हणून सून दिवसभर पाण्याला तोंड लावायची नाही. वर्षात तीनदा लघवीला आग होऊन ताप चढला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, भरपूर पाणी प्या, लघवी अडवून धरू नका, नाहीतर एक दिवस मूत्रपिंड धरून बसाल. सुनेने घरी येऊन ते सासूला सांगितलं. सासूने मान डोलावली. किल्ल्यांचा विषय दोघींपैकी कुणीच काढला नाही.

धुक्याच्या त्याच आठवड्यात तपासणी आली. आदल्या दिवशी शिट्टीने मावशीकडून तीन उत्तरं घोकून घेतली. सगळे उघडे असतात, पाणी असतं, तक्रार नाही. दुकानवाल्यांनी नेमलेली बाई तरुण होती, पायात बूट, हातात यादी. तिने पहिल्या जावयाच्या फरशीवरून बोट फिरवलं, बोट उलटं करून पाहिलं आणि म्हणाली, “मावशी, इतकी स्वच्छता मी कुठल्याच कारखान्यात पाहिली नाही हो.”

वीस वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. मावशी मोहरली आणि घोकलेलं सगळं पार धुऊन गेलं.

“वापरलेलेच नाहीत ना बाई,” ती म्हणाली. “ते दोन बघाल तर म्हणाल, ही बाई झोपा काढते. दीडशे जणी त्या दोनांत जातात, किती घासणार मी? हे चार बघा. पुसते आणि कुलूप घालते.”

शिट्टीचा चेहरा पांढराफटक पडला. बाईने सगळं लिहून घेतलं.

आठवड्याने दुकानवाल्यांचं पत्र आलं. दोन महिन्यांत सुधारणा करा, नाहीतर काम बंद. बायांनी मावशीला कडेवर घ्यायचंच बाकी ठेवलं. आता आपणही जावई म्हणून मिरवायला मोकळ्या, असं म्हणून हसून हसून लोळल्या. मावशीला नोकरीवरून काढतील असं वाटत होतं, पण मॅनेजरने साधा आवाजही चढवला नाही. तिला काढलं असतं तर पुढच्या तपासणीत तेही निघालं असतं. माणूस पोचलेला. त्याने संडास वाढवले नाहीत, बाया कमी केल्या.

शंभर जणींकडून सह्या घेतल्या, की यापुढे आम्ही ठेकेदाराच्या. त्यांची मशीनं अंगणापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. तेच कापड, तीच शिवण, फक्त दारावर वेगळी पाटी. इकडे उरल्या पन्नास, त्यांना दोन संडास नियमाला धरून. चार जावयांमधली भांडी उखडली आणि आत दोऱ्याची खोकी रचली. शेडमध्ये संडासच नव्हता. जेवणाच्या सुट्टीत पास घेऊन इकडे यायचं, एरवी भिंतीचा आडोसा.

सून शेडमध्ये गेली.

पाण्याच्या टाकीवर बाया तोंडावर ऐकवायच्या. मावशी, पुन्हा कुणी कौतुक करणार असेल तर आधी सांगून ठेवा, आम्ही गाव सोडतो. मावशी हंडा भरून निघायची.

तिसऱ्या आठवड्यात सुनेने अंथरूण धरलं. मावशी तिच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होती. ठेवता ठेवता म्हणाली, माझंच तोंड आवरलं नाही.

सुनेने भिंतीकडे कूस वळवली. “तोंडाचं नाही हो आई. तीन वर्षं किल्ल्या तुमच्या कमरेला होत्या. एकदा तरी म्हणायचं होतं, जा गं.”

मावशीने घडी पुन्हा पाण्यात बुडवली. नोकरी गेली असती, हे खरं होतं. पण फरशी खराब झाली असती, हेही कुठेतरी खरं होतं. ते तिने स्वतःशीही कधी उच्चारलं नव्हतं.

दोन महिन्यांनी तीच तपासणीवाली बाई आली. पन्नास बाया मोजल्या, दोन संडास पाहिले. या खेपेला मावशीने बादली खाली ठेवली आणि बाईची वाट अडवून उभी राहिली.

“बाई, त्या पत्र्याच्या शेडमध्ये आमच्याच शंभर जणी आहेत. हेच कपडे शिवतात. तिथे एकही संडास नाही. माझी सून आजारी पडली आहे त्यापायी.”

शिट्टी शेजारीच होता. या वेळी त्याचा रंग उडाला नाही. त्याने नुसतं घड्याळ पाहिलं, आणि यातून काही निघणार नाही हे मावशीला तिथेच कळून चुकलं.

बाईने कागद चाळले. “ती वेगळी कंपनी आहे मावशी. माझ्या यादीत नाही.”

“यादीत नाही, पण इथून दिसते ना?”

बाईने मान वळवून शेडकडे पाहिलं. मशीनांची घरघर ऐकू येत होती. ती थोडा वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिली. मग खालच्या आवाजात विचारलं, “हे दोन्ही वापरात आहेत ना?”

“आहेत.”

बाईने यादीवर खूण केली आणि निघाली. तिच्यामागून जाताना शिट्टी थांबला. “झालं समाधान?” असं हळूच विचारून तोही गेला.

ओल्या फरशीवर बुटांचे मातकट ठसे उमटले होते. मावशीने बादलीत फडकं बुडवलं, पिळलं, आणि गुडघ्यावर हात टेकून खाली बसत पुसायला घेतलं.