रुसायला बसताना दार किलकिलं ठेवावं

गर्व, लोभ, मत्सर यांच्यावर कीर्तनकार तासन्‌तास बोलतात. रुसव्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. आमच्या बीडकडं लग्नात नवरदेव एक वेळ उशिरा येईल, पण रुसणारं माणूस वेळेवर हजर असतं. या विषयात माझा अधिकार मोठा, म्हणून लिहिते.

सुरुवात फजितीनं झाली. धाकट्या दिराच्या लग्नात हळद लावायला मला सोडून शेजारणीला आधी बोलावलं. मी थोरली सून! तडक उठले आणि गोठ्यामागं कडब्याच्या गंजीआड जाऊन बसले. आता सगळं घर मला शोधणार, सासूबाई विनवणार, मी दोनदा नाही म्हणणार, तिसऱ्यांदा हळूच उठणार, असा बेत पक्का. पण मी इतकी छान लपले होते, की मी रुसलेय हेच कुणाला कळलं नाही. खोकले. बांगड्या वाजवल्या. शेवटी एक शेळी आली, तिनं माझा पदर चावून पाहिला आणि तीही निघून गेली. बुंदीचा वास यायला लागल्यावर मी मुकाट घरात गेले, तर सासूबाई म्हणाल्या, "आलीस व्हय? बरं झालं. ती परात घास."

तेव्हापासून मी सुधारले. म्हणजे रुसणं सोडलं नाही, रीत सुधारली. वर्दळीतली खोली, दार किलकिलं, तोंड भिंतीकडं आणि कान दाराकडं.

गेल्या महिन्यात नातीचं लग्न झालं, केजच्या एका मंगल कार्यालयात. वऱ्हाड वडवणीकडचं. माईकवाल्यानं पुढाऱ्यांची नावं पुकारता पुकारता मुहूर्त घालवला. माजी सरपंचाला शाल-नारळ, त्याच्या मेहुण्याला शाल-नारळ. राहिली ती नवरदेवाची सख्खी आत्या. अक्षता पडल्या आणि आत्याबाई खोलीत जाऊन बसल्या. त्या जेवेनात म्हणून वऱ्हाड पंगतीला बसेना. भात निवत चालला. माझा लेक शाल घेऊन गेला, तसाच परत आला. सून हात जोडून आली, डोळे पुसत बाहेर पडली. नात माझ्या कानाशी लागली, "आजी, वऱ्हाड उपाशी गेलं तर मला तिथं जन्मभर ऐकावं लागंल."

खरंच होतं. असला टोमणा घरात तांब्याच्या हंड्यासारखा टिकतो. मी उठले.

दार किलकिलं होतं. तोंड भिंतीकडं. मला बाईंबद्दल एकदम आदरच वाटला. विनवणी वगैरे काही केली नाही. "सरका जरा," म्हणलं आणि शेजारी सतरंजीवर मीही भिंतीकडं तोंड करून बसले.

जरा वेळानं त्यांनी तिरकं बघितलं. "तुमी कशापायी बसलात?"

"मी बी रुसले."

"अवो, तुमी तर पोरीकडच्या!"

"मग? माझं तरी नाव घेतलं का त्या मेल्यानं? सरपंचाच्या मेहुण्याला शाल, अन् पोरीची आजी जित्ती हाय का मेली, कुणाला पत्ता न्हाई."

त्यांचं तोंड भिंतीकडून माझ्याकडं वळलं. "ते बी खरंच हाय म्हणा."

"सकाळधरनं नुसत्या च्यावर हाय मी. त्यात शुगर. पण चक्कर येऊन पडले तरी जेवणार न्हाई." शुगर मला नाही, शेजारणीला आहे.

"आसं करू नका मावशी, उठा बरं."

"न्हाई."

"या वयात उपाशी ऱ्हाता व्हय? चला."

"न्हाई म्हणजे न्हाई."

मग त्या स्वतःच उठल्या, माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "माझ्यासाठी चला. मी बी बसते तुमच्यासंगं." कडब्याच्या गंजीआड राहून गेलेली ती तिसरी विनवणी मला इतक्या वर्षांनी मिळाली. मी हळूच उठले.

मला धरून त्या पंगतीत शिरल्या आणि ओरडल्या, "आजीला आधी वाढा रे!" सगळं वऱ्हाड पटापट बसलं. लेकानं शाल आणली, ती मी आत्याबाईंच्या खांद्यावर टाकली. त्यांनी ती तिथल्या तिथं नीट करून घेतली, बुंदीही दोनदा घेतली.

काल नातीचा फोन आला. "आजी, आत्याबाई सगळ्या वडवणीला सांगत फिरतात. म्हणतात, नवरीची आजी लई रुसकी, मी नसते तर म्हातारी उपाशी गेली असती."

"तुला काही बोलतात का?"

"मला? छे! मला तर म्हणतात, तू गुणाची, आजीवर न्हाई गेलीस."

"मग मान हलव," म्हणलं, "अन् रोज ऐकून घे."