दुसरी तार

मेहकरला आमच्या गल्लीत इंग्रजी वाचणारी बाई मी एकटीच. मॅट्रिकला इंग्रजीत काठावर पास झाले होते, पण सासरी हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि मीही सांगायला गेले नाही. औषधाची बाटली असो की सरकारी कागद, बाया माझ्याकडे यायच्या आणि मी मोठ्या ऐटीत वाचून दाखवायचे.

शेजारच्या मावशी विधवा. एकुलता एक मुलगा फौजेत. उन्हाळ्यात त्याची तार आली तेव्हा मी नळावर गेले होते आणि आमचे यजमान, ते मास्तर, शाळेत. तार म्हणजे मरण, एवढंच गल्लीला माहीत. पाकीट न फोडताच मावशींनी कपाळ बडवून घेतलं, बाया गोळा झाल्या, पुरुष ओट्यावर माना खाली घालून बसले. मी घागर घेऊन परतले, तार वाचली आणि खो खो हसत सुटले. सुट्टी मिळाली, रविवारी पोचतो, एवढंच होतं. रडायला आलेल्यांना मावशींनी चहा पाजला. तो आला तो दारातूनच ओरडला, "काय वं माय, मले जित्तेपणीच जाळलं म्हणे!" पुढे आठवडाभर मी त्या रडारडीच्या नकला करून दाखवत होते. मावशीही हसायच्या. मरणाची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, असं आमच्याकडे म्हणतात. मावशींचा त्यावर पक्का विश्वास.

सुट्टी संपवून तो परत गेला आणि त्याच वर्षी पाकिस्तानशी लढाई पेटली. मावशी रोज चौकातल्या हॉटेलाबाहेर उभ्या राहून रेडिओ ऐकायच्या. एकदाची लढाई थांबल्याची बातमी आली आणि त्यांनी मारुतीपुढे नारळ फोडला.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी, मी भाकरी थापत असताना, त्या स्वतःच तार घेऊन माझ्या चुलीपाशी आल्या. या वेळी डोळ्यांत टिपूस नाही. आल्या आल्या माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबला.

"आधी तोंड गोड कर, मंग वाच. मी काई आता रडत नाही बापा! सुट्टी भेटली असंन त्याले."

मी पिठाच्या हातांनीच पाकीट फोडलं. दोन ओळी होत्या. इतकं सोपं इंग्रजी मी आयुष्यात वाचलं नव्हतं. पुन्हा वाचलं, तरी तेच.

"कवा येऊन राह्यला वं?"

"आइतवारी," मी म्हणाले. मागच्या तारेतला रविवारच तोंडी आला.

का म्हणाले, देव जाणे. गूळ तोंडात तसाच, गिळवेना आणि थुंकवेना. मावशी लगबगीने गेल्या. तव्यावरची भाकरी जळाली ती दुसऱ्या बाजूच्या शेजारणीने येऊन उतरवली. भिंतीपलीकडे मावशी पुरणासाठी डाळ निवडत कुणाला तरी सांगत होत्या की पोरगा येतोय. मी उठून चार पावलं जायला हवं होतं. माझ्यानं गेलं नाही. मी भित्री निघाले, दुसरं काय म्हणू?

दुपारी यजमान शाळेतून आले. मी तार पुढे केली. त्यांनी ती दारातच उभ्यानं वाचली.

"मावशीले सांगतलं?"

"आइतवारी येते म्हणून सांगतलं."

त्यांनी कपाळाला हात लावला. मग गल्लीतली दोन वडीलधारी माणसं घेऊन गेले, मागून मी. मावशी ओटा सारवत होत्या.

"मावशी, पोरगा गेला," यजमान म्हणाले. "लढाईत कामी आला."

मावशी चक्क हसल्या. "मास्तर, मांगच्या बारीले बी हे सारे असेच तोंडं पाडून बसले होते. हिनं सकाळीच वाचली तार. हाव ना वं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेणाचे हात तसेच ठेवून मावशी म्हणाल्या, "या लोकायचं मी नाही मानत. तू वाच. तू म्हणशीन तेच खरं."

मी वाचली. इंग्रजीतून, मग आमच्या बोलीत, एकेक शब्द. त्याचं नाव दोनदा घ्यावं लागलं.

त्या रडल्या नाहीत. कपाळ बडवलं नाही.

"मंग सकाळीच काऊन नाही सांगतलं वं?" त्या म्हणाल्या. "माहं लेकरू गेलं, अन् मी दिवसभर हासत राह्यली ना."