खंडेनवमीची शिट्टी

हसू नका म्हटलं तर तुम्ही थोडेच ऐकणार! ओता चहा, सांगतो.

वैशाखात लग्न झालं, त्यानंतरची माझी पहिली खंडेनवमी. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, घाटकोपरच्या बाजूला रेल्वे यार्डात फोरमन. मी मुलुंडचा, फोर्टातल्या हपिसात कारकून. कारकुनाला हात असतात ते फक्त जेवायला, असं अण्णांचं ठाम मत. त्यांनी एकदा तरी मला 'शाब्बास' म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती हो!

त्या दिवशी यार्डात इंजिनांची पूजा. घरच्यांनाही आत यायची मुभा. इंग्रजांच्या काळातलं एक काळं धूड झेंडूच्या माळा घालून, कुंकू लावून, वाफ सोडत उभं होतं. मोठे साहेब यायचे होते. अण्णांनी मला इंजिनावर चढवलं आणि शिट्टीची दोरी दाखवली.

"जावईबापू, साहेब फाटकातून आत आले की शिट्टी मारा. एकच. लांब. जमेल ना?"

"म्हणजे काय अण्णा!"

अण्णा हार घेऊन फाटकावर गेले. ड्रायव्हर नारळ फोडायला खाली उतरला. साहेब आत शिरताना दिसले आणि मी दोरी ओढली.

काय आवाज हो! अंगावर काटा! खाली माझी बायको मालती दोन्ही हात हलवायला लागली. कौतुकानेच की! मग मला राहवतंय कसलं? आरतीला टाळ्या वाजवतो ना, त्या ठेक्यात मी शिट्टी धरली. कूक-कूक-कूक! कूक-कूक-कूक!

चहूकडून माणसं धावत निघाली. कोणाची दाढी अर्धी, कोणाच्या हातात पुरणपोळी. दवाखान्यातले डॉक्टर बॅग घेऊन. म्हटलं, रंगला कार्यक्रम! मी आणखी जोर लावला. तेवढ्यात अण्णांनी हार साहेबांच्या हातातच कोंबला आणि धूम ठोकली. त्यांच्यामागे हार घेऊन साहेब!

आता मात्र मी चरकलो. खाली उडी मारून एका फिटरला गाठलं. "काय झालं हो?"

"अपघात!"

मग मीही धावलो. सगळ्यांच्या पुढे! तिकडे क्रेनची गाडी जोडायला घेतली होती.

"कुठे झाला पण?" मी धापा टाकत तिथल्या एकाला विचारलं.

"तेच कळेना यार! तुटक शिट्टी वाजली ना, अपघाताची!"

वाट लागली! आता तुम्हीच सांगा, शिट्टीला असले अर्थ असतात, हे कारकुनाला कोणी आधी सांगायला नको? 'एकच, लांब' म्हणे! का, ते नाही सांगितलं! आणि मालतीला सगळं ठाऊक. ती बिचारी 'थांबा, थांबा' म्हणून हात हलवत होती.

साहेब घामाघूम होऊन पोचले. "फोरमन, कुठाय अपघात?"

अण्णांनी माझे काळे हात पाहिले. एक लांब श्वास सोडला.

"साहेब, माफ करा. अपघात गेल्या वैशाखात आमच्या घरी झाला. शिट्टी तेवढी आज वाजली."